कपाळाशी गेलेला हात

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळपासून पाऊस लागलेला, लेकीचा भरतनाट्यमचा क्लास रद्द झाला म्हणून तिने पुढच्या खोलीतलं टीपॉय आणि खुर्च्या भिंतीला लावल्या आणि घरीच प्रॅक्टिस सुरू केली, मोबाईल कपाटावर टेकवून, त्यात बेननी (आमच्या बडोद्यात नाचाच्या बाईंना बेन म्हणतात) पाठवलेलं रेकॉर्डिंग. सध्या शब्दम चाललंय तिचं, भरतनाट्यमच्या कार्यक्रमातला तिसरा नाच. आई दाराशी बसून मक्याचे दाणे काढत होती, लक्ष अर्धं कणसात आणि अर्धं नातीकडे. शब्दमच्या शेवटी नाचणारी दोन पावलं मागे जाते आणि उजवा हात कपाळाशी नेते, ते आलं आणि आईने हातातलं कणीस खाली ठेवलं. म्हणाली, "अगं, हा तर मुजरा! तुला कोणी शिकवला?"

लेक म्हणाली, "मुजरा नाही ग आजी, नमस्कार आहे तो. बेननी सांगितलंय."

"नमस्कार दोन हातांनी करतात," आई म्हणाली आणि परत दाणे काढायला लागली.

मी ओट्याशी होते. गॅस बंद करून बाहेर आले आणि लेकीला म्हटलं, परत कर. तिने परत केला. हाच हात मी आठ वर्षं कपाळाशी नेलाय. चाळ बांधून, घामाने काजळ पसरलेलं असताना, गणपतीच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगला, परीक्षेत. परीक्षेचं तर लख्ख आठवतंय, तेरा-चौदा वर्षांची असेन, बाहेरगावच्या परीक्षक होत्या आणि माझं शब्दम झाल्यावर त्यांनी विचारलं, "आ हाथनो अर्थ शुं?" मी म्हटलं, भगवानने नमस्कार, म्हणजे देवाला. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. मार्क कमी का आले ते कोणी सांगितलं नाही आणि त्या हाताचा अर्थ तर नाहीच नाही. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की तुला आयटम पाठ आहे ना, मग झालं. ते उत्तर मला अजून लागतं. आठ वर्षं एखाद्या मुलीच्या हाताला एक गोष्ट करायला लावायची आणि ती कोणासाठी, कशासाठी, हे तिला सांगायचंच नाही.

आईला मात्र एका नजरेत कळलं, आणि आई नाच शिकलेली नाही. तिचे आजोबा खासगी खात्यात कारकून होते, गायकवाड सरकारच्या. आईच्या लहानपणी संस्थान विलीन होऊन गेलेलं, सयाजीराव जाऊन तर दहा वर्षं झालेली, पण आजोबा दसऱ्याच्या सकाळी पागोटं घालून महाराजांच्या तसबिरीसमोर उभे राहायचे आणि तीनदा मुजरा करायचे. वाकायचं, हात खाली न्यायचा, मग कपाळाशी. आई म्हणते आम्ही पोरं दाराआडून बघायचो, आणि आजोबा तसबिरीकडे पाठ न करता मागे मागे सरकत बाहेर यायचे. मागे मागे. माझी लेक शब्दमच्या शेवटी जाते ना, तशीच.

त्या दिवसापासून मी हे सगळं डोक्यात घेऊन बसलेय, आज लिहून टाकते.

ज्यांना नाचातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा एक ठरलेला क्रम असतो, त्याला मार्गम म्हणतात. आधी अलारिप्पू, मग जतिस्वरम. या दोन्हीत गोष्ट नसते, शरीर आणि ताल एवढंच. तिसरं शब्दम. इथे पहिल्यांदा शब्द येतात, पहिल्यांदा नाचणारी काही सांगायला लागते, नुसतं मोजणं संपून अभिनय सुरू होतो. त्यानंतर वर्णम, पदम, शेवटी तिल्लाना. म्हणजे नाचणारी बाई संध्याकाळभरात पहिल्यांदा तोंड उघडते (तोंड गाणारा उघडतो, ती हाताने बोलते, पण तेच ते) आणि ते तिचं पहिलं बोलणं कुठे संपतं तर सलामात. जुन्या शब्दमांचे शब्द बहुतेक तेलुगू, देवाची किंवा राजाची स्तुती, आणि शेवटी 'सलामु रे'. सलाम दरू असंही नाव आहे त्याला. माझ्या वहीत 'सलामु रे' मी माझ्या हाताने देवनागरीत लिहिलेलं होतं! तो सलाम आहे हे मला वाचता येत होतं आणि तरी दिसत नव्हतं, कारण अर्थ नमस्कार असा सांगितला होता आणि मी तो घेतला होता.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक आंध्रच्या काकू राहतात, काका रिफायनरीत होते, चाळीस वर्षं झाली त्यांना बडोद्यात. त्यांच्याकडे लेकीची वही घेऊन गेले. त्यांनी एकेक ओळ मोठ्याने वाचली, उच्चार सुधारले, अर्थ सांगितला आणि एका ठिकाणी थांबून म्हणाल्या की हे देवाचं गाणं आहे की राजाचं ते नक्की सांगता येत नाही. मला ते फार आवडलं. कृष्णाचं वर्णन आहे पण ते दरबारातल्या धन्याचं करावं तसं केलेलं. मला वाटतं कवीने ते मुद्दाम तसं मोकळं ठेवलं असणार. देवळात नाचलं तर सलाम देवाला, दरबारात नाचलं तर समोर गादीवर बसलाय त्याला. ओळ तीच, फक्त कोणाकडे बघून म्हणायची ते नाचणारीने ठरवायचं. कवितेचा अर्थ शब्दात असतो की म्हणणाऱ्याच्या नजरेत, यावर कॉलेजात आम्ही किती वाद घातले असतील, आणि इथे दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी तो वाद एका हाताच्या हालचालीत बसवून ठेवलाय.

आता हा सलाम तिथे आला कुठून. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यापासून ते १८५५ पर्यंत, हे आपल्याला शाळेत एका ओळीत सांगतात आणि पुढचा धडा सुरू होतो. पण त्या एका ओळीत पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ आहे. तमिळ मुलखात, तेलुगू कवी, कर्नाटक संगीत, आणि गादीवर मराठी राजे. शरफोजी दुसरे, म्हणजे सरफोजी, १७९८ ते १८३२, हे तर विलक्षण माणूस. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, आणि नाचासाठी स्वतः मराठीत रचना केल्या. त्यांची 'देवेंद्र कोरवंजी' म्हणून एक रचना आहे. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी बाई, आणि ती या रचनेत सांगते काय तर जगाचा भूगोल. देश, समुद्र, पर्वत. मराठीत, गाऊन, नाचून. मला ही कल्पनाच इतकी आवडते की कोणीतरी ती परत बसवावी असं सारखं वाटतं, बडोद्यात बसवावी.

चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ त्याच दरबारातले. आज जगभरात पोरी जो क्रम नाचतात, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, तो या चौघांनी बांधला असं सगळे मानतात. आणि या नाचाला तेव्हा भरतनाट्यम म्हणत नसत, सदिर म्हणायचे. सदिर हा शब्द दरबारातल्या 'सादर'वरून आला असं अनेक अभ्यासक म्हणतात. सादर करणे मधला सादर! आपण रोज म्हणतो, 'आता सादर करत आहेत...' म्हणजे त्या नाचाचं नावच आपल्या सूत्रसंचालकाच्या तोंडात आहे.

इथे एक सांगितलंच पाहिजे. हे वाचून कोणी 'भरतनाट्यम मूळचं मराठी' असं लिहून ग्रुपवर फॉरवर्ड करू नका कृपा करून. ते खरं नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही. नाच त्या बायकांचा होता, पिढ्यान् पिढ्या नाचणाऱ्या तमिळ घराण्यांमधल्या, आणि त्यांना शिकवणाऱ्या नट्टुवनारांचा. दरबाराने पैसा दिला, वेळ दिला, जागा दिली आणि एक सलाम मागून घेतला. आमचं त्यातलं असलं तर एवढंच. पण जे आहे ते आहे, त्या हातात ते राहिलंय.

आणि आता बडोदा. रावपुऱ्यातला टॉवर सगळ्यांना माहीत आहे, रिक्षावाल्याला टॉवर म्हटलं की झालं. तो चिमणाबाई टॉवर आहे. १८९६ चा. न्यायमंदिर, सूरसागरच्या जवळचं, कोर्ट आता तिथून हललं, तेही तिच्याच नावाने बांधलेलं. ही चिमणाबाई म्हणजे सयाजीरावांची पहिली राणी, तंजावरच्या मोहित्यांची लेक, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. (दुसऱ्या राणीचं नावही चिमणाबाईच ठेवलं त्यामुळे बडोद्यातसुद्धा लोक गोंधळतात.) १८८० मध्ये लग्न झालं, १८८५ मध्ये ती गेली. पाच वर्षं फक्त. मुलं लहान. तिच्या नावाने शहरात घड्याळ आणि न्यायमंदिर उभं राहिलं, पण तिचं खरं राहिलेलं जे आहे ते दगडात नाही असं मला वाटतं.

तिच्याबरोबर तंजावरहून नाचणाऱ्यांचा ताफा बडोद्याला आला. नर्तकी, नट्टुवनार, साथीदार. आंदण म्हणून. गौरी आणि कांतिमती ही त्यातली दोन नावं शिल्लक राहिली. आंदण हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो. आंदणात भांडी देतात, दागिने देतात, गाई देतात. माणसं दिली. गाणारी-नाचणारी माणसं, ज्यांना इथली ना भाषा येत होती ना इथल्या कोणाला त्यांची, आणि ज्या राणीबरोबर आल्या ती पाच वर्षांत गेली. मग त्या इथे राहिल्या. कलावंत कारखान्यात पगारी. कारखाना म्हणजे तेव्हा खातं, अठरा कारखाने म्हणतात ना मराठेशाहीत, तसा कलावंतांचा कारखाना. गवई, बजवय्ये, नर्तकी, सगळे त्या खात्यात. फैयाज खाँसाहेब पुढे त्याच दरबारचे.

मी विचार करते की कांतिमती राजवाड्यात शब्दम नाचत असेल तेव्हा तिचा हात कपाळाशी जात असताना समोर खरोखरचा राजा बसलेला असायचा. मराठी बोलणारा. त्याला तो मुजरा मुजरा म्हणून कळत असणार, रोज शंभर जण करत होते. आणि तिच्या गावी, मद्रास इलाख्यात, त्याच सुमारास लोक चळवळ करत होते की या बायकांचं नाचणं बंद करा, हे अब्रूचं काम नाही. शेवटी तिकडे १९४७ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आला. त्याच्या आधीच, १९३० च्या दशकात, सदिरचं भरतनाट्यम झालं, रुक्मिणीदेवींसारख्या वरच्या घरातल्या बायका १९३५ पासून ते स्टेजवर करायला लागल्या आणि मग माझ्यासारख्यांच्या आयांना आपल्या मुलींना क्लासला घालायला धीर आला. हे चांगलंच झालं, नाहीतर मी कुठून शिकणार होते. पण नाच वाचवताना नाचणाऱ्या बायकांना बाजूला केलं गेलं, आणि सलाम पण काहींना अवघड वाटायला लागला, देवाला सलाम कसा करायचा, दरबारी आहे, परका आहे, म्हणून काही ठिकाणी शब्दच बदलून 'सलामु'चं 'नमोस्तुते' केलं. शब्द बदलला तरी हात तसाच राहिला बहुतेक जणींचा. परीक्षेत मी दिलेलं उत्तर तिथून आलेलं होतं. मी चूक नव्हते, मी फक्त मधूनच कुठून तरी सुरुवात केली होती.

बडोद्यात मात्र धागा सरळ आला. कुबेरनाथ तंजोरकर हे त्याच तंजावरच्या ताफ्यातल्या घराण्यातले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, आणि सूरसागरसमोरच्या संगीत महाविद्यालयात पुढे तंजोरकर गुरुजी नाच शिकवत होते, युनिव्हर्सिटीत, डिग्रीसाठी. आंदणातून डिग्रीपर्यंत, दोनच पिढ्यांत. तंजोरकर! कर लागलाय बघा. तमिळ घराणं, त्यांच्याकडे आडनाव असं लावत नाहीत, पण बडोद्यात राहिले तर बडोद्याच्या मराठीने त्यांना कर लावून आपल्यासारखं करून टाकलं. जोशी-कुलकर्ण्यांच्या रांगेत मस्टरवर तंजोरकर.

आणि याच्या उलटं म्हणजे हिराबाई बडोदेकर. गवई अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोदा दरबारी होते, तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे शिकत होत्या, दोघांचं जुळलं आणि बडोदा सोडावं लागलं. त्यांची मुलगी हिराबाई, जन्म १९०५ चा, म्हणजे बडोदा सुटल्यावर कितीतरी वर्षांनी. पुढे बायकांनी तिकीट लावून स्टेजवर ख्याल गायचा हे ज्यांनी रुजवलं त्यातलं मोठं नाव त्यांचं. आणि लावलं काय तर बडोदेकर. ज्या गावातून आईबापांना जावं लागलं त्या गावाचं नाव. मी कधीतरी दांडिया बाजारातून घरी येताना हा विचार करते, की आलेला तंजोरकर आणि गेलेली बडोदेकर, आणि ज्यांचं आडनाव आम्ही लावतो ती गावं आम्ही तरी कुठे पाहिलीत, माझं सासरचं गाव सातारा जिल्ह्यात आहे म्हणतात, चार पिढ्यांत कोणी गेलेलं नाही.

जे बडोद्यातून गेले त्यातला एक माणूस मला सारखा छळतो, तो म्हणजे इनायत खान. त्यांचे आजोबा मौलाबक्ष, वीणा वाजवणारे, म्हैसूरकडे जाऊन कर्नाटक संगीत शिकलेले, त्यांनीच १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने इथे गायनशाळा काढली, तीच आजच्या महाविद्यालयाचं मूळ. १८८२ मध्ये त्यांच्या घरी, बडोद्यातच, इनायत जन्मले. १३ सप्टेंबर १९१० ला भाऊ आणि नात्यातल्या एका भावाबरोबर ते अमेरिकेला निघाले. आणि तिकडे पोचल्यावर १९११ मध्ये त्यांना काम काय मिळालं, तर रूथ सेंट डेनिस नावाच्या अमेरिकन नर्तिकेच्या दौऱ्यात साथ करायचं. ही बाई 'हिंदू' नाच करायची. तो तिला सुचला होता १९०४ मध्ये एका सिगारेटच्या जाहिरातीतली इजिप्तची देवी बघून. इकडे बडोद्यात तंजावरच्या पिढीजात नर्तकी कलावंत कारखान्यात पगार घेत होत्या आणि तिकडे बडोद्याच्या गायनशाळेचा विद्यार्थी सिगारेटच्या चित्रातून निघालेल्या भारतीय नृत्यामागे बसून गात होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही तितका. कारण तीच रूथ सेंट डेनिस १९२५-२६ मध्ये हिंदुस्थानात दौऱ्यावर आली तेव्हा तिचे नाच बघून आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांना आपल्या नाचाकडे परत बघावंसं वाटलं. ज्यांना घरची नर्तकी लाजिरवाणी वाटत होती त्यांना गोऱ्या बाईने केलेली नक्कल बघून किंमत कळली. प्रभाव म्हणतात तो असा वाकड्या वाटेने येतो, आणि ज्याच्यावर पडतो त्यालाही कळत नाही कुठून आला.

इनायत खानांनी पुढे गाणं जवळजवळ सोडलं, सूफी विचार सांगत युरोपभर फिरले, १९२७ मध्ये दिल्लीत गेले, निजामुद्दीनला कबर आहे. त्यांची मोठी मुलगी नूर. आई अमेरिकन, जन्म मॉस्कोतला, १९१४ चा, वाढली पॅरिसजवळ. तिचा एक फोटो आहे ज्यात ती वीणा घेऊन बसलीय. तो फोटो मी खूप वेळा मोठा करून पाहिलाय. बोटं कशी ठेवलीत ते बघते. मौलाबक्षांच्या घरातली बसण्याची पद्धत, बडोद्यातली, एका पॅरिसच्या मुलीच्या मनगटात. तिने लहान मुलांसाठी जातककथा इंग्रजीत लिहिल्या, १९३९ मध्ये छापून आल्या, त्यात ती वानरराजाची गोष्ट आहे, जो आपल्या कळपाला वाचवायला नदीवर स्वतःचं शरीर ताणून पूल करतो आणि सगळे त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात आणि तो मरतो. मग लढाई आली. नूर ब्रिटिशांच्या गुप्त दलात वायरलेस ऑपरेटर झाली, जून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली, अशी पाठवलेली पहिली बाई वायरलेस ऑपरेटर तीच. बरोबरची माणसं एकेक पकडली गेली, तिला परत या म्हणाले तर ती थांबली आणि पॅरिसमधून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. जवळजवळ वर्षभर कैदेत, बराच काळ साखळदंडात. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. तीस वर्षांची होती. बाप बडोद्याहून अमेरिकेला निघाला ती तारीखही १३ सप्टेंबरच.

वानरराजाची गोष्ट लिहिली म्हणून ती तशी वागली असं मी म्हणणार नाही, माणसं इतकी सोपी नसतात. गोष्ट हजारो लोकांनी वाचली, पूल एकीने केला. पण ती गोष्ट लिहिताना तिला त्या पाठीचं दुखणं कुठेतरी जाणवलं असणार असं मला वाटतं, कारण अभिनयात आम्हाला तेच शिकवतात, आधी तू हो, मग दाखव. बडोद्यात किती जणांना ती आपली वाटते? मी लेकीच्या शाळेत एकदा निबंधाच्या वेळी सुचवलं होतं, बाईंनी नावच ऐकलं नव्हतं. तुम्ही बडोद्याचे असाल आणि इथपर्यंत वाचलं असेल तर आज जेवताना मुलांना तिची गोष्ट सांगा एवढं मागते.

तर परत पुढच्या खोलीत येते. रविवारी संध्याकाळी आई उठली आणि तिने नातीला मुजरा शिकवला. गुडघ्यांमुळे तिला फार वाकता येत नाही, भिंतीला एक हात लावून तिने दाखवला. म्हणाली, "तू हात एकदम वर नेतेस, माशी हाकलल्यासारखा. आधी नजर खाली. मग वाकायचं. मग हात, आणि हात वर येताना नजर नाही वर आणायची, हात कपाळाला लागला की मग बघायचं त्याच्याकडे. एकदाच. आजोबा असं करायचे." लेकीने केला. आणि काय सांगू, तेच शब्दम, तेच रेकॉर्डिंग, पण शेवट झाल्यावर खोलीत कोणीतरी बसलेलं आहे असं वाटलं. रिकाम्या खुर्चीकडे माझं लक्ष गेलं. मी आठ वर्षांत एकदाही असा केला नव्हता. मला कोणाला करायचा ते माहीतच नव्हतं ना.

बुधवारी क्लासला तिने तोच केला. बेनना आवडला, त्यांनी विचारलंही कोणाकडून आणलास, आजीकडून म्हटल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, सरस छे, पण परीक्षेत असा करू नकोस बेटा, तिथे सगळ्यांचा एकसारखा लागतो, आणि तुझ्या हाताला वेळ जास्त लागतो, तालात मागे पडशील. त्यांचंही बरोबर आहे. एक मात्रा जास्त जातेच, मी मोजून पाहिली. काकूंनी सुचवलं की आधीची पावलं जरा आवरती घेतली तर बसेल. आई म्हणते मुजऱ्याला घाई कशाला, थांबेल की मृदंगवाला.

त्यामुळे सध्या आमच्याकडे दोन सलाम आहेत, एक क्लासचा आणि एक घरचा. पुढच्या महिन्यात गणपतीत आमच्या मंडळाचा कार्यक्रम आहे, लेकीचं शब्दम ठरलंय, मृदंग आणि गाणं रेकॉर्डवर, म्हणजे थांबणारं कोणी नाही. काल रात्री झोपताना तिने विचारलं, "आई, प्रोग्रामला कुठला करू?" मी म्हटलं, बघ तू. ती म्हणाली, "समोर कोण बसणारे त्यावर आहे ना?" आणि कुशीवर वळून झोपली. आत्ता हे लिहितेय तर बाहेर पावलांचा आवाज येतोय, ती मात्रा कुठून काढायची ते बघतेय, चौथ्यांदा तरी असेल.